चिनी चार अक्षरांतलं शेत, विहीर आणि स्वयंपाकघर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चिनी आणि मराठी या दोन भाषांमध्ये दुभाषाचं काम करते. बहुतेक काम चाकणच्या बाजूच्या कारखान्यांत, म्हणजे यंत्रं बसवायला आलेले चिनी इंजिनिअर आणि आपली माणसं यांच्यामध्ये उभं राहून. दिवसभर बोल्ट, सील, दाब, तापमान चालतं आणि मध्येच समोरचा माणूस चार अक्षरांत ससा, मेंढी, विहीर किंवा खरबुजाचं शेत आणून ठेवतो. अशा चार अक्षरी ठेवणीतल्या बोलांना चिनीत छंग्यू म्हणतात. त्यावरून मला जे प्रश्न सतत विचारले जातात, त्यांची ही उत्तरं.

छंग्यू म्हणजे काय? आपली म्हण, की वाक्प्रचार?

म्हण स्वतःच्या पायावर उभी असते आणि वाक्प्रचार वाक्यात मिसळावा लागतो, हे आपण शाळेत शिकलो. त्या हिशेबाने छंग्यू वाक्प्रचाराकडे झुकतो. तो वाक्यात क्रियापदाच्या किंवा विशेषणाच्या जागी बसतो. म्हणीसाठी चिनीत ‘येन-यू’ हा निराळा शब्द आहे.

पण त्याचं सख्खं भावंड आपल्याकडे शोधायचं तर ते लौकिक न्यायांत, म्हणजे संस्कृतातून आलेल्या छोट्या दृष्टान्तांत, सापडतं. काकतालीय न्याय, घुणाक्षर न्याय, अंधगज न्याय. ‘घुणाक्षर’ या एका शब्दात लाकूड पोखरणारा किडा आहे, त्याच्या पोखरण्यातून योगायोगाने उमटलेलं अक्षर आहे, आणि ‘त्यात किड्याची हुशारी काही नाही’ हा निवाडाही आहे. छंग्यू असाच असतो: अख्खी गोष्ट गुंडाळून चार अक्षरांत बांधलेली. फरक एवढाच की आपले न्याय पंडितांच्या लिखाणात राहिले आणि छंग्यू भाजीबाजारात फिरतात. सगळ्याच छंग्यूंमागे गोष्ट असते असं मात्र नाही. काही नुसती चित्रं आहेत.

चारच अक्षरं का?

जुन्या लेखी चिनीत बहुतेक शब्द एका अक्षराचे, म्हणजे एका उच्चाराचे असत. दोन-दोनच्या जोड्या केल्या की ताल धरला जातो. चिनी कवितेचा सर्वांत जुना संग्रह ‘शी-चिंग’ बहुतांशी चार अक्षरी ओळींचाच आहे, त्यामुळे कानाला ही सवय फार जुनी. पुढे येणाऱ्या सशाच्या छंग्यूत ‘राखणे-खोडका, थांबणे-ससा’ एवढ्यावर काम भागतं. विभक्ती नाही, काळ नाही, कर्ता नाही. मोठ्या कोशांत अठरा-वीस हजार नोंदी मिळतात, रोजच्या तोंडात काही हजार असतात. पाच, सात, आठ अक्षरांचेही आहेत, पण थोडे.

हे उच्चार देवनागरीत लिहिता येतात का?

रोमनपेक्षा बरे येतात. चिनीत आपल्यासारखा क-ख, त-थ, प-फ असा भेद आहे आणि रोमन लिपीत तो ग-क, द-त, ब-प असा लिहिला जातो. म्हणून ‘सशाची वाट पाहणे’ याला रोमन वाचून लोक ‘दाय तू’ म्हणतात, खरा उच्चार ‘ताय थू’च्या जवळ आहे. सूर, म्हणजे अक्षरागणिक आवाजाचे चढउतार, मात्र देवनागरीत उमटत नाहीत, ते ऐकूनच घ्यावे लागतात. इथे मी उच्चाराजवळ राहिले आहे. बीजिंगसारखी रुळलेली नावं तशीच ठेवली आहेत.

शेतातले छंग्यू कोणते?

दोन आधी, कारण चीनमधलं शाळेतलं पोर हेच आधी शिकतं.

शौ चू ताय थू, ‘खोडक्याची राखण करत सशाची वाट पाहणे’. सुंग राज्यातला एक शेतकरी नांगरत होता. शेतात झाडाचं खोडकं होतं. धावत आलेला ससा त्यावर आदळून मान मोडून मेला. शेतकऱ्याने अवजार टाकलं आणि दुसरा ससा येईल म्हणून खोडक्याशी बसून राहिला. ससा आला नाही, राज्यभर हसं झालं. ही गोष्ट हान फेय या विचारवंताच्या ग्रंथातली, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली. आपल्याला ती आळशाची वाटते. त्याचा रोख राजांवर होता: जुन्या राजांच्या पद्धतीने आजचं राज्य हाकू पाहणारे सगळे खोडक्याशी बसलेले आहेत, असं त्याला म्हणायचं होतं. आज मात्र ती आयत्या नशिबावर डोळा ठेवणाऱ्यालाच लावतात.

या म्याओ चू चांग, ‘रोपं ओढून त्यांना वाढायला मदत करणे’. ही कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या मेन्शियस या तत्त्वज्ञाची. याही वेळी माणूस सुंगचाच. रोपं वाढत नाहीत म्हणून त्याने एकेक रोप वर ओढलं, दमूनभागून घरी आला आणि म्हणाला, आज मी रोपांना वाढायला मदत केली. मुलगा शेतात पळत गेला, तर रोपं सुकलेली. भाताची लावणी केलेल्या कुणालाही हे डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत. तरवा काढताना मूठ अलगद हलवून घ्यावी लागते, तरी बारीक मुळं तुटतातच, म्हणून लावल्यावर रोप चार दिवस पिवळं पडतं. इथे तर ओढून, अर्धं उपटून, तसंच सोडलेलं. ‘म्याओ’ हे अक्षरही बघण्यासारखं आहे. खाली चौकोन, त्यात फुलीसारखे दोन बांध, म्हणजे शेत. त्याच्या डोक्यावर गवताची खूण. शेतावर उगवलेलं ते म्याओ. आजकाल चिनी आईबाप हा छंग्यू मुलांच्या शिकवण्यांबद्दल वापरतात.

दोन्हीकडे मूर्ख सुंगचाच का? सुंग हे आजच्या हनान प्रांतातलं राज्य, आणि तिथे पराभूत शांग घराण्याचे वंशज राहत. जिंकलेल्यांनी हरलेल्यांवर रचलेल्या या गोष्टी असाव्यात, असं मानलं जातं. हसताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

तिसरा मला फार आवडतो: क्वा थ्येन ली श्या, ‘खरबुजाचं शेत, आलुबुखाराच्या झाडाखाली’. जुन्या कवितेत सांगितलंय की खरबुजाच्या शेतात वाकून जोडा नीट करू नये आणि आलुबुखाराखाली हात वर करून टोपी सारखी करू नये. बघणाऱ्याला चोरीच दिसणार. ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, हे आपलं म्हणणं त्याला नेमकं जुळतं. असं जुळणं कमी वेळा होतं.

‘वांग यांग पू लाओ’ म्हणजे ‘बैल गेला नि झोपा केला’ ना?

नाही. आणि हे मी चूक करून शिकले आहे.

एका कारखान्यात तेलगळती झाली. चिनी बाजूने सील बदललं, पाइपांना नवे आधार दिले आणि बैठकीत त्यांचा प्रमुख म्हणाला, वांग यांग पू लाओ. शब्दश: ‘मेंढी हरवल्यावर गोठा दुरुस्त करणे’. माझ्या तोंडून क्षणात गेलं, “ते म्हणताहेत, बैल गेला नि झोपा केला.” आमच्या बाजूचे साहेब ताडकन म्हणाले, “म्हणजे आता करून काय उपयोग, असं म्हणायचंय का यांना?” खोलीत शांतता. चिनी माणूस माझ्याकडे बघतोय, कारण त्याने तर धीर द्यायला ते म्हटलं होतं.

चित्र तेच, निवाडा उलटा. आपल्या म्हणीत बैल गेल्यावर गोठ्याला झोपा, म्हणजे काटक्याकुटक्यांचं दार, लावणारा हास्यास्पद आहे. चिनी छंग्यूत कुंपण दुरुस्त करणारा शहाणा आहे, कारण बाकीच्या मेंढ्या अजून आत आहेत. मूळ प्रसंग असा: छू राज्याच्या राजाने च्वांग शिन या मंत्र्याचं ऐकलं नाही. पुढे छिन राज्याच्या फौजांनी छूची राजधानी घेतली, ते साल इ. स. पू. २७८. पळालेल्या राजाने मंत्र्याला परत बोलावलं आणि आता काय करू म्हणून विचारलं. मंत्री म्हणाला, ससा दिसल्यावर कुत्र्याला हाक मारली तरी उशीर झालेला नसतो, मेंढी गेल्यावर गोठा दुरुस्त केला तरी वेळ गेलेली नसते.

आपल्याकडे बैल एकच असतो, हे कारण असेल असं मला वाटतं. तो गेला की आत राखायला काही उरत नाही. कळपाचं गणित वेगळं. त्या दिवसानंतर कुठलाही छंग्यू कानावर आला की मी आधी बघते, हसू कुणावर आहे. जनावर, झाड, भांडं जुळलं म्हणून म्हण जुळली असं धरत नाही.

स्वयंपाकघरातले सांगा ना.

ची माओ स्वान फी. कोंबडीची पिसं, लसणाची सालं. अर्थ: क्षुल्लक गोष्टी. लसूण सोलून बघा. साल इतकी हलकी की पंखा लावला तर ओट्यावरून उडते, ओल्या बोटाला चिकटते, झटकली तर दुसऱ्या बोटाला चिकटते. वजन काहीच नाही आणि पिच्छा तर सोडत नाही. नवराबायकोच्या भांडणांना, शेजाऱ्यांच्या कुरबुरींना चिनी माणूस हाच शब्द लावतो. याला चपखल मराठी मला अजून सापडलेलं नाही. ‘किरकोळ’ म्हटलं की चिकटणं निघून जातं.

थ्येन यौ च्या त्सू, ‘तेल घालणे, व्हिनेगर वाढवणे’. हे आपलं ‘तिखटमीठ लावून सांगणे’. फोडणीचा डबा बदलला, माणूस तोच. हे बेधडक वापरा. तसंच ‘आगीत तेल ओतणे’: चिनीत ‘आगीवर तेल ओतणे’, ह्वो शांग च्याओ यौ. तंतोतंत.

छाय मी यौ येन: सरपण, तांदूळ, तेल, मीठ. संसाराचा रोजचा रगाडा. पुढे सोयासॉस, व्हिनेगर आणि चहा जोडले की ‘दार उघडताच लागणाऱ्या सात गोष्टी’ पुऱ्या होतात. आपल्याकडे मीठमिरचीची चिंता म्हणतात तेच. यात सरपण पहिलं येतं हे मला नेहमी जाणवतं. तांदळाआधी चूल.

‘विहिरीतला बेडूक’ आपल्याकडून गेला का?

चिंग ती च वा, विहिरीच्या तळाचा बेडूक, च्वांग-त्सू या ताओवादी तत्त्वज्ञाच्या ग्रंथातला आहे. बेडूक पूर्वसमुद्राच्या कासवापुढे आपल्या विहिरीचं कौतुक करतो, आत येऊन बघ म्हणतो. कासव पाय टाकतं तर गुडघाच अडकतो. मग ते समुद्र सांगतं आणि बेडूक गप्प होतो. आपला कूपमंडूकही तसाच. पण विहीर आणि बेडूक दोन्ही देशांत आहेत आणि च्वांग-त्सू बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचण्याच्या कितीतरी आधीचा. उसनवारी धरायचं काही कारण नाही.

इकडून खरोखर गेलेले वेगळे आहेत. हंग ह शा शू, ‘गंगेच्या वाळूइतके’, म्हणजे अगणित. हा वज्रच्छेदिका या बौद्ध सूत्रातून आला. इ. स. ४०१ मध्ये छांग-आनला, म्हणजे आजच्या शीआनला, पोहोचलेल्या कुमारजीव या भिक्षूने त्याचं चिनी भाषांतर केलं. गंगा कधी न पाहिलेली माणसं सोळाशे वर्षं तिच्या वाळूने मोजताहेत! मांग रन मो श्यांग, आंधळ्यांनी हत्ती चाचपणे, हा आपला अंधगज न्याय, तोही बौद्ध ग्रंथांतूनच गेला.

जमीन, नद्या, डोंगर यांवरचे?

पेय चिंग ली श्यांग: विहिरीकडे पाठ फिरवून गाव सोडणे. परागंदा होणे, पोटासाठी दूरदेशी जाणे. इथे विहीर म्हणजेच गाव. मेन्शियसने वर्णन केलेल्या जुन्या जमीनपद्धतीत एका चौकोनाचे नऊ भाग असत, कडेचे आठ आठ कुटुंबांचे, मधला सामाईक. ‘चिंग’ म्हणजे विहीर हे अक्षर दोन उभ्या, दोन आडव्या रेघांचं, त्या नऊ खणांसारखंच दिसतं. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या मराठी मित्रांना हा सांगितला की तो त्यांना आपोआप पाठ होतो.

चिंग वेय फन मिंग: चिंग आणि वेय या नद्यांसारखं स्पष्ट वेगळं. शीआन शहराजवळ या दोन नद्या मिळतात, एक गढूळ, एक त्या मानाने नितळ, आणि संगमानंतरही काही अंतर दोन रंग शेजारी वाहतात. कुठली गढूळ यावर जुना वाद आहे, कारण वरच्या पिवळ्या मातीच्या पठाराची धूप जशी बदलली तसा गाळही बदलला. आपल्या नीरक्षीरविवेकाला हंस लागतो. इथे पाणीच साक्ष देतं.

यू-कुंग यी शान: ‘वेडा म्हातारा डोंगर हलवतो’. नव्वदीचा म्हातारा, दारापुढे थायहांग आणि वांगवू हे दोन डोंगर. घरच्यांना घेऊन खोदायला लागला. शहाण्या शेजाऱ्याने हसून विचारलं तर म्हणाला, मी मेलो तर मुलगा आहे, त्याला मुलगा होईल, डोंगर काही वाढत नाही. शेवटी देवाने डोंगर उचलवून दुसरीकडे ठेवले. ११ जून १९४५ रोजी माओने कम्युनिस्ट पक्षाच्या सातव्या अधिवेशनाच्या समारोपात हीच गोष्ट सांगितली. डोंगर म्हणजे साम्राज्यवाद आणि सरंजामशाही, आणि देव म्हणजे जनता, असा अर्थ त्यांनी लावला. त्यामुळे एका पिढीला हा छंग्यू राजकीयच ऐकू येतो. वयस्कर माणसांसमोर वापरताना हे ध्यानात ठेवा.

शहर म्हणून बघायचं तर हान-तान, नकाशावर हंदान. हपेय प्रांतातलं हे शहर स्वतःला छंग्यूंची राजधानी म्हणवतं, कारण तिथे प्राचीन चाओ राज्याची राजधानी होती. हान-तान श्वे पू: तिथली डौलदार चाल शिकायला गेलेला पोरगा ती तर शिकला नाहीच, स्वतःची चालही विसरला आणि रांगत घरी परतला. त्या नावाचा पूलही तिथे आहे.

‘परतीचे दोर कापणे’ याला काय म्हणायचं?

फो फू छन चौ, ‘कढया फोडणे, होड्या बुडवणे’. इ. स. पू. २०७, चू-लूची लढाई. श्यांग यू या सेनापतीने नदी ओलांडल्यावर होड्या बुडवल्या, रांधायची भांडी फोडली आणि सैन्याकडे तीन दिवसांचं अन्न ठेवलं. सिंहगडाच्या १६७० च्या लढाईची परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट आठवते: तानाजी पडल्यावर मावळे माघारी फिरू लागले, तेव्हा दोर कापल्याचं सूर्याजीने सांगितलं. तिथे ते ऐन कोसळत्या क्षणी झालं, इथे लढाईआधी ठरवून. तरी भाषांतराला चालतो, मी वापरते.

‘गाढवापुढे वाचली गीता’?

त्वेय न्यौ थान छिन, ‘गायीपुढे वीणा वाजवणे’. इथेही हसू कुणावर आहे ते बघाच. आपल्या म्हणीत गाढव पुढे म्हणतं, कालचा गोंधळ बरा होता. म्हणजे फजिती गाढवाची. चिनी गोष्ट मोउ-त्सूच्या नावावरच्या बौद्ध ग्रंथातली. कुंग-मिंग यी या वादकाने गायीपुढे उच्च राग वाजवला, गाय चरत राहिली. मग त्याने माशा-डासांची गुणगुण आणि हरवलेल्या वासराचं हंबरणं वाजवलं, तर तिने कान टवकारले, शेपूट हलवली. ऐकणाऱ्याला कळेल असं वाजवा, असा त्याचा रोख. पुढचा अर्धा भाग लोक विसरले, आणि आज चिनीतही हा छंग्यू गायीलाच हसतो. कधीकधी वाजवणाऱ्यालाही.

अर्थ असे बदलतात का?

बदलतात, अगदी उलटेही होतात. खुंग श्वे लाय फंग, ‘भगदाड असलं की वारा येतो’. मूळ अर्थ, आपलं ‘आग असल्याशिवाय धूर निघत नाही’. आज बहुतेक चिनी माणसं तो ‘निराधार अफवा’ या अर्थाने वापरतात. बातमीचं भाषांतर करत असाल तर हा शब्द दिसताच थांबा आणि मागचापुढचा परिच्छेद वाचा.

नवी पिढी वापरते?

वापरते, शाळेतच घोकून घेतात. भेंड्यांसारखा खेळही आहे, छंग्यू च्ये-लुंग: एकाच्या शेवटच्या अक्षराने दुसऱ्याने सुरुवात करायची. जाहिरातवाले अक्षरं बदलून कोट्या करतात. खोकल्याच्या औषधाने ‘क्षणाचाही विलंब चालणार नाही’ या अर्थाच्या छंग्यूत ‘खोकला’ हे जवळच्या उच्चाराचं अक्षर घातलं होतं. २०१४ मध्ये प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने रेडिओ-टीव्हीला अशा मोडतोडीविरुद्ध फर्मान काढलं. मला कोट्या आवडतात. मूळ पाठ असल्याशिवाय कोटी कळतच नाही.

पावसाळ्यातला एखादा?

यू हौ छ्वन स्वन, ‘पावसानंतरचे वसंतातले बांबूचे कोंब’. भराभर, एकदम उगवणारं काहीही. आपण अशा वेळी कुत्र्याच्या छत्र्या म्हणतो आणि नाक मुरडतो: क्लासेस उगवले, बिल्डर उगवले. चिनीत कोंब ही चांगली गोष्ट आहे, ते खायचे असतात. कोकणात, घाटावर वास्त्यांची भाजी खाणाऱ्याला हे लगेच पटेल. म्हणून चिनी पाहुण्याने तुमच्या गावातल्या नव्या कारखान्यांना हे म्हटलं तर ती स्तुती समजा.

तुमचा सर्वांत आवडता?

क्वा शू ती ल्वो. फळ पिकलं की देठ सुटतो. वेळ आली की गोष्ट आपसूक होते. ‘क्वा’ या एका अक्षरात सगळा वेल येतो: कलिंगड शी-क्वा, भोपळा नान-क्वा, कारलं खू-क्वा, काकडी ह्वांग-क्वा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आजीचा महामृत्युंजय मंत्र आठवला, ‘उर्वारुकमिव बन्धनात्’, काकडी देठातून सुटावी तसं. ती तो आजोबांच्या उशाशी म्हणायची. पुढे एका चिनी सहकाऱ्याकडून कळलं की त्यांच्याकडे हा छंग्यू बाळंतपणाबद्दलही म्हणतात. त्याची बायको तेव्हा नऊ महिन्यांची गरोदर होती, तारीख उलटून चार दिवस झाले होते, आणि त्याची सासू रोज फोनवर एवढंच सांगत होती: क्वा शू ती ल्वो.